डिस्क रिकामी, तरी जागा नाही!

घरातला जुना संगणक सहसा टाकून देववत नाही. मुलांचे लहानपणीचे फोटो, बाबांच्या पेन्शनची कागदपत्रे, लग्नाची चित्रफीत, सारे त्यातच असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. तेव्हापासून अशा संगणकावर लिनक्स बसवून त्याला आणखी काही वर्षे वापरावे, असा विचार अनेक घरांत होतो. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली मराठीतही चालते. भिलाईच्या जुनवानी परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा वस्तीत हे काम करून देणारा विद्यार्थी शेजारीच भेटतो.

पण कधी कधी काम शेवटच्या पायरीवर अडते. डिस्कवर शंभर जीबी मोकळी असतात आणि पडद्यावर सूचना येते, 'बूटलोडर मावत नाही'. मग घाबरून फोटो पुसायला सुरुवात होते. थांबा! फोटो पुसून ही जागा मिळत नाही.

अडचण कुठे आहे?

बूटलोडर म्हणजे संगणक सुरू होताच मुख्य प्रणालीला जागे करणारा छोटा प्रोग्राम. १९८३ साली आयबीएमचा हार्ड डिस्क असलेला 'एक्सटी' संगणक आणि डॉस २.० आले. तेव्हापासून रूढ झालेल्या मांडणीत डिस्कचा पहिला सेक्टर फक्त ५१२ बाइटचा असतो. त्यातले ६४ बाइट चार पार्टिशनांच्या नोंदीसाठी आणि २ बाइट ओळखखुणेसाठी जातात. प्रोग्रामला उरतात जेमतेम ४४६ बाइट. आजच्या प्रचलित युनिकोड पद्धतीत एवढ्या जागेत देवनागरीची दीडशे चिन्हेही पुरती मावत नाहीत!

म्हणून लिनक्सचा 'ग्रब' हा बूटलोडर आपला पुढचा भाग पहिल्या सेक्टरच्या मागच्या मोकळ्या पट्टीत ठेवतो. जुन्या पद्धतीत पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होई. मधले ६२ सेक्टर, म्हणजे ३१,७४४ बाइट, रिकामे राहत. साध्या मांडणीला ते पुरतात. पण एलव्हीएम, रेड किंवा सांकेतिक कुलूप असलेली डिस्क वाचायची असेल, तर ग्रबला जास्त सामान बरोबर घ्यावे लागते आणि पट्टी अपुरी पडते.

ही पट्टी कोणाच्याच नावावर नसल्याने तिथे इतरही घुसत. १९९२ च्या मार्चमध्ये जगाला धास्ती लावणारा 'मायकेलअँजेलो' व्हायरस मूळ पहिला सेक्टर उचलून याच पट्टीत दडवून ठेवी. परवाना तपासणारी काही सॉफ्टवेअरेही आपली खूण इथेच ठेवत.

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आल्यानंतर पहिले पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू करण्याची रीत पडली. त्यामुळे पुढे जवळजवळ एक एमबी जागा राहते. म्हणून हा त्रास मुख्यतः एक्सपीच्या काळात विभागलेल्या डिस्कवरच होतो.

काय करावे?

• सर्वांत आधी फोटो व कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि ती तिथून उघडतात का, ते पाहा.

• 'जीपार्टेड' या मोफत प्रोग्राममध्ये पहिल्या पार्टिशनचा आरंभ पाहा. ६३ दिसले, तर अडचण हीच असण्याची शक्यता दाट आहे.

• जुना डेटा डिस्कवर ठेवायचा नसेल, तर सारी पार्टिशने काढून नव्याने करा. नवी साधने आपोआप २०४८ पासून सुरुवात करतात. हा सर्वांत सोपा उपाय.

• डेटा डिस्कवरच ठेवायचा असेल, तर 'बूट' फोल्डरसाठी साधे, वेगळे छोटे पार्टिशन करा. मग ग्रबला फार सामान लागत नाही.

• पहिल्या पार्टिशनचा आरंभ पुढे सरकवताही येतो, पण त्याला तास न् तास लागू शकतात. मध्येच वीज गेली तर डेटा जाण्याचा धोका आहे. यूपीएसशिवाय हे करू नका. सरकवल्यावर त्यातली विंडोज कदाचित सुरू होणार नाही, म्हणून दुरुस्तीची सीडी किंवा पेनड्राइव्ह हाताशी ठेवा.

• 'तरीही जबरदस्तीने बसवा' हा पर्याय टाळा. त्यात बूटलोडर साध्या फाइलींच्या जागेवर विसंबतो. पुढे ती फाइल जागेवरून हलली, की संगणक सुरूच होत नाही.

लिनक्सची ओळख करून घ्यायची असेल, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' उपक्रमात मराठीतून धडे मिळतात. शेजारचा विद्यार्थी मदतीला आला, तरी त्याने डिस्कला हात लावण्यापूर्वी एक प्रश्न आपण स्वतः विचारावा, 'फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे?' त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये.