परभणीचा माळ : वृक्ष, नांगर आणि गायरान

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांनी पोसलेल्या परभणी जिल्ह्याच्या भूमीचा विचार केवळ वनक्षेत्राच्या आकड्यांवरून करणाऱ्यास निराशाच पदरी घ्यावी लागते; कारण जिंतूरकडील डोंगराळ पट्ट्यातील झाडी वगळली, तर अरण्य म्हणावे असे येथे फारसे काही नाही, आणि वनाच्छादन अत्यल्प असलेल्या जिल्ह्यांत परभणीची गणना नेहमीच होते. यावरून सामान्यतः असे अनुमान केले जाते की, येथे पूर्वी सर्वत्र निबिड अरण्य होते, ते माणसाने तोडले, आणि आता प्रत्येक मोकळ्या जागी खड्डे खणून रोपे लावली की ती पूर्वस्थिती परत येईल. माणसाने वृक्ष तोडले हे निर्विवाद आहे. परंतु त्याने जे मोडले ते अरण्यच होते काय, हा प्रश्न विचारल्याखेरीज उपाययोजनेस हात घालणे श्रेयस्कर नाही.

ज्या भूप्रदेशात गवताचे सलग आच्छादन असते आणि त्या गवतापर्यंत सूर्यप्रकाश पोहोचेल इतक्या अंतराअंतराने वृक्ष उभे असतात, त्यास भूगोलशास्त्रात सॅव्हाना म्हणतात. अशा प्रदेशात वृक्षांचे प्रमाण कशाने ठरते, याचा एक महत्त्वाचा निष्कर्ष महेश संकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील ८५४ ठिकाणांच्या अभ्यासावरून २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला. वार्षिक पर्जन्यमान सुमारे ६५० मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर वृक्षांच्या वाढीस पाणीच मर्यादा घालते. त्याहून पाऊस अधिक असेल, तर मात्र वृक्ष दाटून येऊन गवताला झाकून टाकू शकतात, आणि तसे होऊ न देण्याचे कार्य वणवा व चरणारी जनावरे करतात. ही सीमारेषा स्वतः सुमारे १३४ मिलिमीटर अलीकडे-पलीकडे सरकू शकते, असेही त्या अभ्यासात नमूद आहे. आफ्रिकेचे माप मराठवाड्यास जसेच्या तसे लागू करता येणार नाही हे मान्य केले, तरी साधारणतः ७५० ते ९०० मिलिमीटर पावसाचा परभणी जिल्हा त्या सीमेच्या आसपास किंवा किंचित वरच पडतो, आणि म्हणून येथे वृक्ष किती असावेत याचा निवाडा एकट्या आभाळाच्या हाती न राहता कुऱ्हाड, नांगर, आगकाडी आणि गुराख्याची काठी यांच्याकडेही येतो.

यात मातीचाही वाटा आहे. नदीकाठची खोल काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते. या ओढाताणीत कोवळ्या रोपांची मुळे तुटतात, आणि म्हणून तेथे मारवेलसारखे गवत आणि बाभळीसारखा चिवट वृक्ष हेच टिकून राहतात. उलट जिंतूरकडील उथळ, मुरमाड उतारांवर कुसळी व पवन्या या गवतांबरोबर पळस, बोर, हिवर, धावडा, सालई अशी झाडे विखुरलेली आढळतात. ही विरळता म्हणजे अरण्याचे अवशेषच, असे मानण्याचे कारण नाही. जयश्री रत्नम आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आशियातील सॅव्हानांच्या प्राचीनतेविषयी सविस्तर विवेचन करून, या प्रदेशांना सरसकट ‘ऱ्हास पावलेली वने’ समजण्याची रीत सदोष असल्याचे दाखविले. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तर जुन्या मराठी वाङ्मयातील व लोकपरंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील ज्या ४४ रानटी वनस्पतींची ओळख पटली, त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माळरानाशी निगडित निघाल्या. तेराव्या शतकापासूनची ही साक्ष पश्चिमेकडील असली, तरी दख्खनच्या पठाराचाच भाग असलेल्या परभणीने तिची दखल घेणे उचित होय.

आता माणसाच्या हाताकडे वळू. अकबराच्या काळी या जिल्ह्यातील पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. म्हणजे शेतसारा भरणारी, मोजलेली, लागवडीखालची भूमी येथे शतकानुशतके आहे. हैदराबादच्या निजामाच्या राज्यात दिवाण सालारजंगाने १८६५ मध्ये जिलाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची रचना, केली, पुढे जमिनीची पाहणी व आकारणी झाली, आणि दप्तरात जी जमीन सारा देत नव्हती ती पडीक म्हणून नोंदली गेली. तिच्यावर गवत, गुरे, सरपण, डिंक आणि बोरे यांचे उत्पन्न गावास मिळत असले, तरी त्या उत्पन्नास वसुलाच्या रकान्यात स्थान नव्हते. पुढे हैदराबाद–मनमाड लोहमार्ग परभणीवरून गेला, सेलू व मानवत येथील कापसाच्या बाजारपेठा वाढल्या, आणि चराईची जमीन औताखाली आणणे अधिक लाभदायक ठरले. १९७६ मध्ये जायकवाडीच्या जलाशयाचे लोकार्पण झाले, डाव्या कालव्याचे पाणी जिल्ह्यात आले, आणि भिजणाऱ्या जमिनीचा एकेक हात मोलाचा झाला.

तरीही बांधावरील झाडे दीर्घकाळ टिकली, कारण ती शेतीचाच भाग होती. नांगर, वखर, तिफण आणि बैलगाडीस बाभळीचे लाकूड लागे. उन्हाळ्यात तिच्या शेंगांवर शेळ्यामेंढ्या जगत, आणि त्यांच्या पोटातून गेलेले कठीण कवचाचे बी अधिक सहज रुजे. म्हणजे कोणीही न लावता बांधोबांध उभी राहिलेली बाभूळ ही शेतकरी आणि धनगर या दोघांच्या सहजीवनातून आलेली होती. ट्रॅक्टर आला आणि लाकडी औताची गरज सरली. सोयाबीनचा पेरा वाढला आणि सावलीने पडणारी तूट डोळ्यांत खुपू लागली. वाटण्यांमुळे बांधच कोरले गेले. या शिवारात वृक्षांचा जो ऱ्हास आज दिसतो, तो बव्हंशी अशा बांधांवरचा आहे, आणि वनखात्याच्या नकाशात त्याची नीट नोंदही होत नाही.

गायरानाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी व सरपणासाठी जमीन राखून ठेवता येते. परंतु ज्यांच्या नावे एक गुंठाही नव्हता, अशा दलित भूमिहीनांनी मराठवाड्यात हीच जमीन कसून पोट भरले, दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ व १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांनी त्या मागणीस देशव्यापी रूप दिले, आणि १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग मोकळा केला. तो निर्णय न्याय्यच होता. गायरानाची हानी सांगताना तिचे माप गरिबाच्या पदरात टाकणे आणि धनवंतांची बांधकामे, मुरमाच्या खाणी व सार्वजनिक प्रकल्प यांविषयी मौन पाळणे, हे संशोधनाच्या प्रामाणिकपणास शोभणारे नाही.

जे गायरान उरले, त्यावर गेल्या काही वर्षांत वृक्षारोपणाची लाट आली. राज्याने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांची उद्दिष्टे ठेवली. हेतू शुद्ध होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु गवताच्या मुळांनी बांधून धरलेला माळ उकरून त्यात गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे दाटीने लावली, तर गवत सावलीखाली मरते, गुरांचा चारा जातो, आणि उघड्या माळावर जगणाऱ्या काळविटांचे व चंडोलांचे आश्रयस्थान नाहीसे होते. चारी बाजूंनी पसरणाऱ्या वेड्या बाभळीचा अनुभव तर आपल्यासमोर आहेच. हिरवेपणा आणि आरोग्य या दोन गोष्टी भूमीच्या बाबतीत नेहमीच एक नसतात.

म्हणून या जिल्ह्यास दोन भिन्न उपायांची आवश्यकता आहे. ज्या काळ्या शिवारात झाडे नाहीशी झाली, तेथे बांधावर बाभूळ, हिवर, कडुलिंब आणि चिंच पुन्हा वाढू द्यावी आणि ती राखणाऱ्या शेतकऱ्यास पिकातील तुटीचा मोबदला मिळावा. जेथे माळ अद्याप माळ आहे, तेथे मात्र खड्डे न खणता गवत राखावे, चराईस आळीपाळीने विश्रांती द्यावी आणि मूळची विरळ झाडे तशीच उभी राहू द्यावीत. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. परभणीतील वाचकांनी आपल्या गावच्या ग्रामसभेत उभे राहून त्या नोंदवहीत गायरानाचे क्षेत्र, तेथील गवते आणि बांधावरील वृक्ष यांची नोंद करण्याचा आग्रह धरावा. कारण ज्या जमिनीस सरकारी दप्तराने एकदा पडीक ठरविले, तिचे मोल गावानेच लेखी सांगितल्याखेरीज ती यापुढे वाचणार नाही.