दुर्बिणीचं न दिसणारं भिंग

नारायणगावहून खोडदकडे निघालं की शेतामळ्यांतून एकेक अजस्र तबकडी डोकं वर काढू लागते. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. अशा 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या आहेत. ही आपली जीएमआरटी, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. आता गंमत पाहा. या एवढ्या मोठ्या दुर्बिणीत डोळा लावून पाहावं असं एकही भिंग नाही. तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात, मग दोन-दोन तबकड्यांच्या जोड्या लावून त्यांचे संकेत एकमेकांशी ताडून पाहिले जातात. 30 तबकड्यांच्या जोड्या किती? 435. प्रत्येक जोडी क्षणाक्षणाला आकडे देत राहते, पृथ्वी फिरेल तसे ते बदलत जातात आणि रात्रभरानंतर शास्त्रज्ञाच्या हाती उरतो आकड्यांचा प्रचंड ढीग. दीर्घिकेचं चित्र त्या ढिगात कुठंच दिसत नाही!

चित्र घडतं संगणकात. बिघडलेले आकडे शोधून बाजूला काढायचे, वातावरणानं केलेली लुडबूड गणितानं पुसायची, मग उरलेल्यातून आकाश उभं करायचं. म्हणजे या दुर्बिणीचं भिंग काचेचं नाहीच, ते प्रोग्रामचं आहे. काचेचं भिंग नीट जपलं तर शंभर वर्षं टिकतं. प्रोग्राम किती टिकतो?

तसं पाहिलं तर तो कायमच टिकायला हवा. तो झिजत नाही, गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. तरीही दहा वर्षांपूर्वीचा प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवायला गेलात तर बहुतेक वेळा तो पहिल्याच पावलाला अडखळतो. पणजीच्या वहीतली लोणच्याची कृती आठवून पाहा: एक चिपटं मोहरी, दीड पैशाचा हिंग. वही जशीच्या तशी आहे, अक्षर लख्ख आहे. पण चिपटं घरात नाही आणि दीड पैशाला हिंग मिळत नाही. प्रोग्रामचंही तेच होतं. तो ज्या यंत्रावर, ज्या भाषेवर, ज्या दुसऱ्या प्रोग्रामांवर विसंबून लिहिलेला असतो, ते सगळं त्याच्या पायाखालून सरकत राहतं.

बंद पडला तर निदान कळतं तरी. न कळता चुकला तर? पायथन ही आज विज्ञानातली लाडकी भाषा. तिच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीत 3 भागिले 2 असं लिहिलं की उत्तर यायचं 1, कारण पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकातच द्यायचा असा नियम होता. तिसऱ्या आवृत्तीत त्याच ओळीचं उत्तर येतं 1.5. अक्षर बदललं नाही, उत्तर बदललं! 1 जानेवारी 2020 ला जुन्या आवृत्तीची देखभाल अधिकृतपणे थांबली. त्या आवृत्तीत लिहिलेले हिशेब नव्या आवृत्तीत नेताना किती ओळी डोळ्यांत तेल घालून तपासाव्या लागल्या असतील, याची कल्पना करा.

आणि अशा या सरकत्या जमिनीवर 1978 मध्ये सुरू झालेला एक प्रोग्राम चार दशकांनंतरही खणखणीत काम करत होता. त्याचं नाव एप्स. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेनं व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल इथं तो लिहायला घेतला. न्यू मेक्सिकोच्या माळावर उभ्या राहत असलेल्या 27 तबकड्यांच्या व्हीएलए दुर्बिणीचं भिंग व्हायचं, हे त्याचं काम. भाषा फोरट्रान, जी स्वतःच 1957 ची. पुढं जगभरच्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी तो आपलासा केला, पुण्यात जीएमआरटीची आकडेमोड करणाऱ्यांनीही.

हे जमलं कसं? पहिली करामत आराखड्यातच आहे. ज्या ज्या कामाचा संबंध प्रत्यक्ष यंत्राशी येतो, म्हणजे डिस्कवर लिहिणं, टेप वाचणं, पडद्यावर चित्र दाखवणं, ती सगळी कामं वेगळ्या छोट्या प्रोग्रामांत कोंडली आणि त्यांच्या नावांची सुरुवात झेड अक्षरानं केली. उरलेल्या अफाट पसाऱ्याला यंत्राचं नावही ठाऊक नाही. नवा संगणक आला की फक्त झेडवाले बदलायचे. मॉडकॉम्प गेले, व्हॅक्स गेले, युनिक्स आलं, लिनक्स आलं. गणित जागचं हललं नाही.

दुसरी करामत मला त्याहून मोहवते. त्या काळी संगणकाची ताकद तोकडी होती, म्हणून अवजड गणितं करायला शेजारी ॲरे प्रोसेसर नावाचं स्वतंत्र यंत्र जोडत. एप्सची मोठी गणितं त्या यंत्राशी बोलण्याच्या हिशेबानंच लिहिलेली होती. पण प्रत्येक ठिकाणी ते यंत्र कुठून असणार? आणि पुढं तर ती यंत्रं कालबाह्यच झाली. मग सगळं पुन्हा लिहायचं? नाही! त्यांनी त्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम लिहिला. मूळ गणित बिनघोर त्याच्याशी बोलत राहतं. यंत्र कधीच भंगारात गेलं, संभाषण मात्र सुरूच!

शिवाय रोजची निगा. कुठं चूक सापडली की ती दुरुस्त व्हायची, बदलांच्या फाइलमध्ये तिची नोंद व्हायची आणि ज्या संस्थांनी सोय करून घेतली होती त्यांच्या संगणकांवर ती दुरुस्ती रात्री आपोआप पोचायची. या कामाला नावच होतं ‘मिडनाइट जॉब’. वापरणाऱ्यांसाठी जाडजूड मार्गदर्शिका होती आणि तिच्यात चक्क केळ्याच्या पाककृती छापलेल्या असत. या सगळ्यामागं माणसं होती. एरिक ग्राइसन हे त्यांतलं मोठं नाव. सुरुवातीपासून पुढची कितीतरी दशकं ते या एकाच प्रोग्रामची काळजी वाहत राहिले.

याच ग्राइसन यांचा हात आणखी एका दीर्घायुषी गोष्टीत आहे. 1981 मध्ये डॉन वेल्स आणि रॉन हार्टन यांच्याबरोबर त्यांनी फिट्स हा खगोलशास्त्राचा फाइल-साचा मांडला. फाइलच्या सुरुवातीला साध्या, वाचता येणाऱ्या ओळी असतात आणि प्रत्येक ओळ बरोबर 80 अक्षरांची, कारण पंचकार्डावर 80 रकाने असत. अशा 36 ओळींचा एक गठ्ठा, म्हणजे 2880 बाइट. हाच आकडा का? त्या वेळच्या संगणकांत कुणाचा शब्द, म्हणजे एका दमात हाताळायचा माहितीचा तुकडा, 16 बिटांचा, कुणाचा 32, कुणाचा 36, तर कुणाचा 60. 2880 बाइटांना या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो! कुठल्याच यंत्राला परकं वाटू नये, असा तो आकडा. वर एक व्रत घेतलं: साच्यात पुढं कितीही भर पडो, जुनी फाइल कधीही अवैध ठरता कामा नये. म्हणूनच जेम्स वेब दुर्बिणीची आजची निरीक्षणं याच साच्यात येतात आणि व्हॅटिकनच्या ग्रंथालयानंही आपल्या हस्तलिखितांच्या प्रतिमा जपायला हाच साचा निवडला.

या चिवटपणाचं फळ आपल्या खोडदलाही मिळालं. 2010 ते 2012 या काळात जीएमआरटीनं 150 मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळं आकाश टिपलं होतं. या कंप्रतेवर आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, चित्र फार विस्कटतो. ह्यूब इंटेमा या डच खगोलशास्त्रज्ञानं पायथनमध्ये नवी प्रणाली लिहिली, तिच्या पोटात काम करायला जुना एप्सच ठेवला आणि जपून ठेवलेले तेच आकडे पुन्हा चाळले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीत 90 टक्के आकाश आणि सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओस्रोत होते. तबकड्या त्याच, आकडे तेच, भिंग मात्र अधिक लख्ख.

आणि 2019 चं ते एम87 दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं चित्र? साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या त्या वस्तूचे आकडे तीन वेगवेगळ्या प्रोग्रामांतून स्वतंत्रपणे गाळून घेतले होते, तिघांची साक्ष जुळते का ते पाहायला. एक होता हॉप्स. दुसरा कासा, म्हणजे एप्सची जागा घ्यायला नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या प्रकल्पाचा वारस. आणि तिसरा खुद्द एप्स! म्हातारा साक्षीदार जिवंत ठेवल्याचा केवढा हा उपयोग.

असं असूनही, या निगेला पैसा आणि प्रतिष्ठा मिळवणं आजही कठीण जातं. शोधनिबंधाला श्रेय मिळतं, नव्या यंत्राला अनुदान मिळतं; जुन्या प्रोग्राममधली चूक दुरुस्त करणाऱ्याच्या बढतीत ती दुरुस्ती क्वचितच मोजली जाते. ब्रिटनमध्ये 2012 मध्ये या माणसांना ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर’ हे नाव मिळालं आणि तेव्हापासून काही विद्यापीठांत अशी पदंही निर्माण झाली. आपल्याकडेही ती हवीत, कायमची हवीत. तबकडीला वंगण घालणारा माणूस नेमायचा आणि भिंग पुसणारा नेमायचा नाही, हा हिशेब चुकीचा आहे. तुमच्या घरात, ओळखीत कुणी संशोधन करत असेल तर आजच विचारा: तुझा प्रोग्राम तुझ्याशिवाय, दुसऱ्याच्या संगणकावर चालतो का? नसेल चालत, तर पुढचा निबंध लिहिण्याआधी ते काम करायला सांगा.