घाट चढताना काढा, उतरताना घाला



दिवाळी सरली. पहाटे अंगावर काटा येऊ लागला. गुऱ्हाळे पेटली, उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या. आता सुट्टीच्या दिवशी सायकली काढून कोणी जोतिबाला, कोणी पन्हाळ्याला जायचा बेत करणार. शहरातील मोठी मुले तर जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेऊन पन्हाळ्याच्या पुढे मसाई पठाराच्या कच्च्या वाटेवर जातात. आपल्या साध्या सायकलीनेही पन्हाळा गाठता येतो. मोठ्या चढाला उतरून ढकलावी लागते, एवढेच. पण जाताना अंगात काय घालायचे? प्रश्न सोपा वाटतो. मलाही तो सोपा वाटला होता, आणि म्हणूनच माझा गुडघा फुटला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या गावी गेलो होतो. पन्हाळ्यावरून सूर्योदय बघायचा म्हणून मामा, मामेभाऊ आणि मी पहाटे चारलाच निघालो. निघताना आजी म्हणाली, "थंडी लई हाय रं बाळा, दोन्ही स्वेटर घाल." मी बनियन, सुती शर्ट, त्यावर दोन स्वेटर आणि गळ्यात मफलर असा जामानिमा केला. पंचगंगेचा पूल ओलांडताना धुके इतके होते की पुढची सायकल दिसेना. तिथे स्वेटरांचे बरे वाटले. केर्ली गेली, वाघबीळ आले आणि खरा चढ सुरू झाला. मला घामाच्या धारा लागल्या. मामा म्हणाला, "अरे, स्वेटर काढ की." पण थांबलो तर मागे राहीन म्हणून मी काही काढले नाहीत.

गडावर पोचलो तेव्हा शर्ट पिळून काढावा इतका ओला झाला होता. सज्जा कोठीजवळ उभे राहून सूर्य बघितला, भाकरी खाल्ली. वारा भणभणत होता. भाकरी संपेपर्यंत मला हुडहुडी भरली. तसाच उतरायला लागलो. उतारावर पायडल मारावे लागत नाही, त्यामुळे अंगात ऊब येईना. बोटे लाकडासारखी झाली. एका वळणावर ब्रेक दाबायला गेलो, तर बोटे वळेचनात! सायकल रस्त्याकडेच्या चरात गेली आणि मी खडीवर पडलो. समोरून एस. टी. येत होती. ड्रायव्हरकाकांनी वेळीच गाडी थांबवली म्हणून निभावले.

मामाने मला कडेला बसवले. ओला शर्ट आणि बनियन काढायला लावले, आपल्या पिशवीतला कोरडा शर्ट दिला. मग भाकरी बांधून आणलेला जुना 'पुढारी' उलगडून माझ्या छातीवर, स्वेटरच्या आत सारला.

"हे काय मामा?"

"घाल गप. मग सांगतो."

थोड्याच वेळात हुडहुडी थांबली. घरी आल्यावर मामाला आणि शाळा सुरू झाल्यावर गुरुजींना विचारून जे कळले, ते खाली लिहितो.

घाम गार का करतो?

आपल्या घरातील माठ आठवा. माठाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी बाहेर पाझरते आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता माठातल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी गार होते. घामाने ओला झालेला शर्ट घालून वाऱ्यात गेलो की आपला माठ होतो! सुती कापड घाम पिऊन घेते आणि लवकर वाळत नाही. म्हणजे थंडीत आपला खरा वैरी थंडी नव्हे, तर चढाला आलेला घाम आहे.

करून पाहा : एक हात ओला करा, दुसरा कोरडा ठेवा. दोन्हींवर फुंकर मारा. कोणता हात जास्त गार लागतो?

वारा काय करतो?

आपल्या अंगाभोवती गरम हवेचा पातळ थर असतो. वारा तो थर उडवून लावतो. सायकल जोरात उतरते तेव्हा बाहेर वारा नसला तरी आपणच वारा तयार करतो. हवा 10 अंश सेल्सियस असेल आणि आपण ताशी 30 किलोमीटर वेगाने उतरत असू, तर उघड्या अंगाला ती 6-7 अंशांसारखी झोंबते.

गडावर जास्त थंडी की नदीकाठी?

उंचावर गेले की साधारण दर 1000 फुटांना हवा 2 अंशांनी थंड होते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 1800 फूट उंचीवर, तर पन्हाळा 3000 फुटांच्या वर. म्हणून दिवसा गडावर गारवा असतो. पण पहाटेची गोष्ट निराळी. रात्री गार झालेली हवा जड होते आणि उतारावरून घसरत नदीकाठच्या सखल भागात साचते. त्यामुळे पहाटे पुलावर चढापेक्षाही जास्त गारठा असू शकतो. म्हणूनच एकच कपडा सगळ्या वाटेला पुरत नाही. घालता-काढता येतील असे कपडे हवेत.

मग घालायचे काय?

पहिला कपडा अंगालगतचा. तो लवकर वाळणारा असावा. खेळाचा पातळ बनियन-शर्ट मिळतो तो चांगला. तो नसेल तर साधा सुती शर्ट चालेल, पण दुसरा कोरडा शर्ट पिशवीत हवाच.

दुसरा कपडा उबेचा. दोन जाड स्वेटरांपेक्षा एक पातळ लोकरीचा स्वेटर बरा. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरते. आपल्या धनगर बांधवांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. घोंगड्याची खोळ घेऊन ते पावसातही मेंढरांमागे हिंडतात. अर्थात सायकलवर घोंगडे घेऊ नका, चाकात जाईल!

तिसरा कपडा वारा अडवणारा. पातळ जर्किन असेल तर उत्तम. नसेल तर वर्तमानपत्र. हसू नका! फ्रान्स देशात 1903 सालापासून 'टूर द फ्रान्स' ही मोठी सायकल शर्यत होते. तिथले नामांकित सायकलपटूही डोंगरमाथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन छातीवर खोचत आणि मग उतरत. कागदाच्या घड्यांत हवा अडकते आणि वारा आत येत नाही. प्लॅस्टिकची पिशवी मात्र अंगालगत घालू नका. तिच्यात घाम कोंडतो.

हात, कान, पाय

हातमोजे सर्वांत महत्त्वाचे, कारण ब्रेक बोटांनी दाबायचा असतो. मोजे इतके जाड नकोत की ब्रेक कळणार नाही. हातमोजे नसतील तर जुने पायमोजे घ्या आणि बोटांची टोके कापून हातात घाला. उतरायच्या आधी हात चोळून, ब्रेक दोनदा दाबून बघा. बोटे वळत नसतील तर थांबा.

हेल्मेट असेल तर आत जाड कानटोपी घालू नका, हेल्मेट सैल बसते. पातळ रुमाल बांधा. कान गच्च झाकले तर मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. मफलरची टोके स्वेटरच्या आत खोचा. मुलींनी ओढणी पाठीमागे सोडू नये. ती चाकात अडकली तर गळ्याला फास बसतो. ती कमरेला घट्ट बांधावी, नाहीतर पिशवीत ठेवावी.

पायजम्याचा उजवा पाय चेनमध्ये सापडतो. तो दुमडून रबराने किंवा नाडीने बांधा, नाहीतर मोज्यात खोचा. पायात बूट घाला आणि नाडीची टोके आत सारा. आपली कोल्हापुरी चप्पल लई रुबाबदार, पण पायडलवरून घसरते. ती लग्नाला घालावी.

आणखी एक. धुक्यात काळे-करडे कपडे दिसत नाहीत. उसाचे ट्रॅक्टर पहाटेही चालू असतात. वरचा कपडा पिवळा किंवा केशरी असावा आणि सायकलीच्या मागे चमकणारी पट्टी लावावी.

पालकांना विनंती

आमच्यासाठी महागडे कपडे आणा असे मी म्हणत नाही. वर सांगितलेले बहुतेक सगळे घरात असतेच. फक्त "थंडी आहे, सगळे घालून जा" असे सांगू नका. "पिशवीत कोरडा शर्ट घेतलास का?" असे विचारा. आजीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "व्हय की! आम्ही बी भांगलून घामेजून आलो की आधी लुगडं बदलायचो, मगच वाऱ्याला बसायचो." म्हणजे आजीला ते आधीच ठाऊक होते. स्वेटर घाल म्हणताना तिला माझी काळजी होती, इतकेच.

लक्षात ठेवा
1. निघताना थोडे गार वाटले पाहिजे. निघतानाच ऊब वाटली तर चढाला घाम येणारच.
2. चढ लागायच्या आधी थांबा, स्वेटर काढून पिशवीत ठेवा.
3. वर पोचताच आधी ओला शर्ट बदला, मग सूर्योदय बघा, मग भाकरी खा.
4. उतरायच्या आधी स्वेटर, छातीवर कागद आणि हातमोजे घाला.
5. मागे राहिलो तर राहू द्या. मित्र थांबतात, वळण थांबत नाही.

माझ्या गुडघ्यावर अजून वण आहे. ज्याला बघायचा असेल त्याने मधल्या सुट्टीत यावे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी