डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

मैत्रिणींनो, मिक्सर बंद पडला की आपण आधी प्लग नीट बसलाय का ते बघतो. थेट मोटर बदलायला कुणी निघत नाही. मग गाडी म्हटलं की आपण हातपाय का गाळतो?

आमची गाडी २०१४ सालची, सेकंड हॅण्ड घेतलेली. सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. जुळे सोलापूरहून रिक्षाने जाताना प्रत्येक खड्ड्याला त्यांचा जीव कासावीस व्हायचा. चाळिशी उलटल्यावर मी स्टिअरिंग हातात घेतलं ते त्यांच्यासाठीच.

एप्रिलमधल्या एका सकाळी सासूबाई मागे बसलेल्या, मी सेल्फ मारला तर नुसती टकटक. समोर दिवे लुकलुकले आणि विझले. शेवटी रिक्षाच केली. दुपारी गॅरेजवाला स्कॅनर घेऊन आला. "वहिनी, गाडीचा कॉम्प्युटर गेलाय. पंचवीस हजार धरून चाला." आमचे हे म्हणाले, "विकून टाकू." माझ्या डोळ्यांसमोर मात्र रिक्षातले ते खड्डे.

शेजारणीने एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनला पाठवलं. वय साठीच्या पुढचं, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांनी आधी विचारलं, "ताई, कोड काय आला?" मी नशिबाने लिहून ठेवला होता : पी-०५६२. "म्हणजे वीज कमी पडतीय. का कमी पडतीय, ते कोड सांगत नाही. ते आपण शोधायचं."

बॅटरी ठीक होती, साडेबारा व्होल्ट. मग त्यांनी मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला लावली आणि मला सेल्फ मारायला सांगितला. काटा शून्याजवळ राहायला हवा होता, तो तीनच्या पुढे गेला. अर्थिंगची वायर बॉडीला जोडतात तिथला बोल्ट गंजला होता. पॉलिश पेपरने घासून तो घट्ट आवळला. गाडी सुरू! चाचांनी दोनशे रुपये घेतले.

मग मी जरा माहिती काढली. १ एप्रिल २०१० पासून देशातल्या १३ शहरांत भारत स्टेज ४ चे नियम आले, त्यात मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं. त्याबरोबर स्वतःचा बिघाड स्वतः नोंदवणारी यंत्रणा गाड्यांत सक्तीची झाली. स्कॅनर तेच वाचतो. पण कोड म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर. ताप आहे एवढं तो सांगतो, टायफॉइड की मलेरिया ते नाही.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. लाल दिवा, विशेषतः ऑइलचा किंवा तापमानाचा, लागला की गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करा. पिवळा लागला तर लवकर दाखवा. तो सतत लुकलुकत असेल तर ताणू नका. एकदम बरेच दिवे लागले तर आधी बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंग आणि फ्यूज तपासायला सांगा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर थकते. इंजिन चालू असताना तिच्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज कधीच घालू नका, आग लागू शकते.

आणि जुनी गाडी घेताना? चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर बिघाड लपवायला कुणी बल्ब काढला असेल अशी शंका घ्या.

मुख्य म्हणजे, कोड स्वतःच्या वहीत लिहून घ्या आणि "हाच पार्ट गेलाय कशावरून?" असं बिनधास्त विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

परवा डायलिसिसहून परतताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, दिवे सगळे विझलेत ना?" आता त्याही माझ्याबरोबर डॅशबोर्ड बघतात!