खुजेपणाची सुरुवात पोटातच

● वयाच्या मानाने उंची कमी राहणे म्हणजे खुजेपणा. तो टाळण्याचे दिवस १०००: गर्भारपणाचे २७० आणि पहिल्या दोन वर्षांचे ७३०.

● राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले खुजी आहेत.

● गर्भवतीने चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक लोह-फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावी, चहासोबत नको.

● तिच्या जेवणात ज्वारीच्या भाकरीला डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, अंडे यांची जोड हवी.

● नांदेडच्या किनवटसारख्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून शेवटच्या तिमाहीपासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत आईला अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण मिळते.

● नांदेड-लातूरमधून ऊसतोडीला जाणाऱ्या गर्भवतींनी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे आणि पोहोचताच तिथल्या अंगणवाडीत नाव नोंदवावे.