दृश्य आयातीचे क्रयशक्ती समतेनुसार मापन : भारताच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
अर्थव्यवस्थेचा खुलेपणा ठरविताना दृश्य आयातीचे, म्हणजे वस्तूंच्या आयातीचे, स्थूल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले प्रमाण सर्रास वापरले जाते. मात्र या प्रमाणातील अंश व छेद कोणत्या किंमतींनुसार मोजले आहेत, याकडे बहुधा दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप भारताच्या उदाहरणाने स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

समस्येचे स्वरूप :
खनिज तेल, सोने, यंत्रसामग्री या वस्तू साधारणतः जागतिक भावानेच खरेदी कराव्या लागतात. याउलट देशांतर्गत उत्पादनात केशकर्तन, शिकवणी, घरभाडे, रिक्षाप्रवास अशा सीमा न ओलांडणाऱ्या सेवांचाही समावेश असतो. कमी वेतनाच्या देशात या सेवा स्वस्त असतात. बलासा व सॅम्युएलसन यांनी १९६४ मध्ये या वस्तुस्थितीची कारणमीमांसा केली. त्यामुळे विनिमय दराने रूपांतर केल्यास गरीब देशाचे उत्पादन प्रत्यक्षाहून लहान दिसते. आयात मात्र तशी आकुंचन पावत नाही. परिणामी त्यांचे प्रमाण फुगते.

भारताचे उदाहरण :
आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमानुसार २०१७ मध्ये भारताची क्रयशक्ती समता एका डॉलरला २०.६५ रुपये होती, तर विनिमय दर ६५.१२ रुपये होता. म्हणजे देशांतर्गत उत्पादन समतेनुसार ८,०५१ अब्ज डॉलर, तर विनिमय दराने सुमारे २,५५३ अब्ज डॉलर ठरते. त्या वर्षीची दृश्य आयात सुमारे ४५० अब्ज डॉलर होती. विनिमय दरानुसार हे प्रमाण १७.६ टक्के येते. आयातीची किंमतपातळी अमेरिकेतील पातळीइतकीच मानल्यास समतेनुसार ते अवघे ५.६ टक्के उरते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आयातीचे रुपयांतील मूल्यही २०.६५ नेच भागल्यास ती सुमारे १,४२० अब्ज डॉलर दिसेल व प्रमाण पुन्हा १७.६ टक्क्यांवर येईल. पण त्यामुळे बंदरात उतरलेल्या तेलाची पिंपे तिप्पट होत नाहीत! आयातीसाठी आयातीचीच स्वतंत्र समता हवी.

पेन वर्ल्ड टेबलची पद्धती :
क्रॅव्हिस, हेस्टन व समर्स यांच्या कार्यातून उदयास आलेल्या या सारणीच्या २०१३ मधील आठव्या आवृत्तीपासून आयात व निर्यात यांच्या सापेक्ष किंमती स्वतंत्रपणे विचारात घेतल्या जातात. त्यासाठी व्यापाराच्या आकडेवारीतील एकक-मूल्ये गुणवत्तेतील फरकानुसार समायोजित केली जातात. या सारणीत दृश्य आयातीचा हिस्सा ऋण चिन्हाने दिलेला असतो, कारण आयात ही उत्पादनाच्या बेरजेतून वजा होणारी बाब आहे. विद्यार्थ्यांनी त्याचा अर्थ व्यापारतोलातील तूट असा लावू नये. तसेच सेवांचा व्यापार या हिश्श्यात नसून शिल्लक घटकात समाविष्ट असतो. सॉफ्टवेअर सेवांची मोठी निर्यात करणाऱ्या भारताच्या बाबतीत ही मर्यादा महत्त्वाची आहे.

कोणते प्रमाण केव्हा वापरावे ?
१) आयातीचे देयक चुकविण्याची क्षमता, परकीय चलनसाठा किंवा चालू खात्यावरील तूट अभ्यासावयाची असल्यास विनिमय दरावर आधारित प्रमाणच योग्य होय. तेलाची किंमत समतेच्या डॉलरमध्ये चुकविता येत नाही.
२) देशाच्या वास्तव उत्पादनाच्या तुलनेत परदेशी वस्तूंचे आकारमान किती, किंवा खुलेपणाचा उत्पादकतेशी संबंध काय, हे देशादेशांत तपासताना समतेनुसार काढलेले प्रमाण अधिक उपयुक्त ठरते.
३) रुपयाचे अवमूल्यन झाल्यास आयातीचे आकारमान तेवढेच राहूनही पहिले प्रमाण वाढू शकते. अशी वाढ खुलेपणातील वाढ मानणे चुकीचे होय.

निष्कर्ष :
१७.६ व ५.६ या आकड्यांपैकी एक खरा व दुसरा खोटा नाही. ती दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे आहेत. अध्यापनात व संशोधनात आयातीचे प्रमाण उद्धृत करताना ते कोणत्या किंमतींनुसार काढले आहे याचा उल्लेख केला नाही, तर भिन्न उत्पन्नपातळीच्या देशांची तुलना दिशाभूल करणारी ठरते आणि तीवर आधारलेला धोरणविषयक निष्कर्षही डळमळीत राहतो.