गाण्यातली इंग्रजी कळेल का?

माझी भाची आणि तिचा नवरा जूनमध्ये पाच दिवसांसाठी लंडनला निघालेत. लग्नाला वर्ष होतंय, त्यानिमित्त. हॉटेल, संग्रहालयं, बोटीची फेरी, सगळं ठरलं. गाडी अडली ती नाटकापाशी. तिथल्या वेस्ट एंडमध्ये कुठल्याही आठवड्यात वीसेक म्युझिकल्स सहज चालू असतात आणि यांना परवडणार एक, फार तर दोन. भाचीला ‘हॅमिल्टन’ बघायचं होतं. त्याची गाणी तिला तोंडपाठ आहेत. जावई बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, “मावशी, मला गाण्यातली इंग्रजी कळेल का?”

लातूरकडच्या खेड्यात मराठी शाळेत शिकलेला मुलगा. ऑफिसचं सगळं काम इंग्रजीत करतो, पण भराभर गायलेली इंग्रजी कानाला लागत नाही, असं त्याने सरळ सांगितलं. मला त्याचा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटला, कारण म्युझिकल निवडताना पहिल्यांदा विचारायचा प्रश्न हाच आहे आणि तो बहुतेक जण मनातच ठेवतात.

आपण संगीत नाटकावर वाढलेली माणसं. १८८२ साली आलेल्या ‘सौभद्रा’तलं एखादं पद नाही कळलं तरी गोष्ट अडत नाही. प्रसंग गद्यात पुढे सरकतो. पद आलं की काळ थांबतो, भाव फुलत जातो, वन्समोर मिळाला की तेच पद पुन्हा होतं आणि पात्रं आपापल्या जागी उभी असतात. म्युझिकलमध्ये गोष्ट गाण्याच्या पोटातूनच पुढे जाते. एका गाण्यात भेट होते, भांडण होतं, कधी दहा वर्षं उलटतात. वन्समोर नाही. गाणं सुटलं की दुवा सुटला. ‘हॅमिल्टन’ तर जवळजवळ सगळंच रॅपमध्ये आणि गाण्यात बांधलेलं, त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचं आणि त्यानंतरच्या राजकारणाचं बारीक विणकाम. उत्तम नाटक आहे. पण ज्याच्या कानाला ते नवीन आहे, त्याने पावणेतीन तास बायकोच्या चेहऱ्याकडे बघून हसायचं कुठे हे ओळखायचं, हे मला पटेना. म्हणून मी भाचीला सांगितलं, दोघांपैकी ज्याला कमी कळणार असेल, त्याच्या बाजूने निवड कर. ‘हॅमिल्टन’चा न्यूयॉर्कचा चित्रित प्रयोग घरी बघता येतो, तो आधी दोघांनी मिळून बघा आणि त्याला आवडला तर पुढच्या खेपेला तिकीट काढा.

डोळ्यांनी समजणारं नाटक हवं असेल तर ‘द लायन किंग’. लिसियम थिएटरमध्ये १९९९ पासून चालू आहे. पडदा वर जातो, एक लांब झुलू हाक घुमते आणि प्रेक्षकांच्या मधल्या वाटेतून प्राणी चालत येतात. हत्तीच्या पायांमध्ये माणसं दिसतात. जिराफ म्हणजे हातापायांना काठ्या बांधून चालणारा नट. सिंहाचा मुखवटा चेहऱ्यावर नसून कपाळाच्या वर आहे, त्यामुळे प्राणी आणि माणूस दोघंही एकाच वेळी दिसतात. काही लपवलेलं नाही, तरी घसा दाटून येतो. हे घडवणाऱ्या दिग्दर्शिका जूली टेमोर तरुणपणी चार वर्षं इंडोनेशियात राहून तिथल्या बाहुल्या आणि मुखवटे शिकल्या होत्या. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या ज्याने जवळून बघितल्यात, त्याला हा खेळ भाषेशिवाय कळेल. खुर्ची मात्र खालच्या मजल्यावर, वाटेच्या कडेची घ्यावी.

‘फँटम ऑफ द ऑपेरा’ १९८६ पासूनचं. सुरावटी मोठ्या, शब्द सावकाश, गोष्ट सरळ: एक गायिका, तिच्यावर जीव टाकणारा मुखवटेवाला, आणि छतावरून खाली येणारं झुंबर. नाट्यगृहाचं नाव राजा असेल तर ‘हिज मॅजेस्टीज’ आणि राणी असेल तर ‘हर मॅजेस्टीज’; सध्या राजा आहे. ‘मामा मिया’ला आब्बा बँडची गाणी माहीत असली तर मजा येते. ‘सिक्स’ ऐंशी मिनिटांत, मध्यंतराशिवाय आटोपतं, पण आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांवरचे विनोद इंग्लंडच्या इतिहासात मुरलेले आहेत.

मग मी ‘ले मिझराब्ल’चं नाव घेतलं आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. पोटासाठी पाव चोरला म्हणून एकोणीस वर्षं तुरुंगात काढलेला माणूस. त्याला कुणी थारा देत नाही. एक बिशप जेवू घालतो, झोपायला जागा देतो, आणि हा रात्री त्याचीच चांदीची भांडी घेऊन पळतो. पोलीस पकडून आणतात तेव्हा बिशप म्हणतो, ही मीच दिली होती, आणि हे रुप्याचे दिवे तू विसरून गेलास की... इथे जावयाने मला थांबवलं. “मावशी, ही तर साने गुरुजींची गोष्ट. ‘दुःखी’. आमच्या बाबांकडे आहे ती.”

व्हिक्टर ह्यूगोची १८६२ ची ही कादंबरी साने गुरुजींनी मराठीत आणली आणि कितीतरी घरांत, शाळांच्या कपाटांत ती पोचली. या मुलाने ती आठवीत वाचली होती. लंडनला हे नाटक ऑक्टोबर १९८५ मध्ये उभं राहिलं आणि तेव्हापासून नाट्यगृहं बदलत आजतागायत चालू आहे. सध्या शाफ्ट्सबरी अॅव्हेन्यूवरच्या सॉन्डहाइम थिएटरमध्ये. त्यात बोलणं जवळजवळ नाहीच, सगळं गाणं. म्हणजे मघाच्या माझ्या हिशेबाने ते सगळ्यात अवघड. पण ज्याच्या मनात गोष्ट लहानपणापासून मराठीत मुरलेली आहे, त्याला प्रत्येक शब्द पकडायची गरज पडत नाही. रामायणाच्या खेळाला बसलेला माणूस एकही संवाद न ऐकता कुठे रडायचं ते जाणतो, तसं. शिवाय हल्लीच्या मांडणीत जुना फिरता रंगमंच नाही. मागच्या पडद्यावर जी धूसर, काळवंडलेली दृश्यं उमटतात ती ह्यूगोच्या स्वतःच्या चित्रांवरून सुचलेली आहेत. ह्यूगो चित्रं काढायचा, हे मलाही त्या नाटकामुळेच कळलं. ते दोघांनी बघावं, असं माझं ठाम मत झालं.

आता खुर्ची आणि वेळ. यात माणसं फसतात, आम्हीही फसलो होतो. काही वर्षांपूर्वी विमानतळावरून उतरलो त्याच संध्याकाळी आम्ही नाटकाला गेलो. स्वस्त म्हणून घेतलेल्या जागेसमोर लोखंडी खांब होता, त्याच्या डावीकडून अर्धा रंगमंच दिसायचा, आणि मध्यंतरानंतर शेजारी आमच्या यांना गाढ झोप लागली. हिशेब साधा आहे. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. संध्याकाळी साडेसातची तिसरी घंटा म्हणजे आपल्या रात्रीचे बारा. पावणेतीन तासांचं नाटक सुटेपर्यंत आपले पावणेतीन वाजतात. दुपारी अडीचचा प्रयोग म्हणजे मात्र आपले संध्याकाळचे सात. नाटकाला जायची आपली नेहमीची वेळ. आठवड्यातल्या एखाद्या मधल्या दिवशी आणि शनिवारी असे दुपारचे प्रयोग असतात. पहिला दिवस सोडून त्यातला घ्यावा.

नाट्यगृहं जुनी, उभट. खालचा मजला स्टॉल्स, त्यावर ड्रेस सर्कल, त्यावर अप्पर सर्कल, कुठे कुठे आणखी वर एक बाल्कनी. स्टॉल्सच्या अगदी मागच्या रांगांवर सज्जा येतो आणि रंगमंचाचा वरचा भाग कापला जातो. ‘फँटम’ला तिथे बसलात तर ज्या झुंबरासाठी गेलात ते नीट दिसत नाही. ड्रेस सर्कलची पुढची रांग मला सगळ्यात प्रिय. खूप वरच्या जागांवरून दोन नाटकं बघण्यापेक्षा त्याच पैशांत चांगल्या जागेवरून एक बघावं. प्लॅनवर ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ लिहिलं असेल तर समोर खांब किंवा कठडा आहे असं समजा. तिकीट नाट्यगृहाच्या किंवा नाटकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. मधल्या विक्रेत्यांकडे तीच खुर्ची बरीच महाग पडू शकते. दुसरं नाटक आयत्या वेळी ठरवायचं असेल तर लेस्टर स्क्वेअरमधल्या टीकेटीएसच्या खिडकीवर कमी दरात तिकिटं मिळतात. ठरावीक तारखांना मंचाच्या कडेला शब्द दाखवणारे प्रयोगही होतात. ते मुळात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, पण इंग्रजी वाचता येतं आणि ऐकून कळत नाही अशा आपल्यासारख्यांना फार उपयोगी.

‘ले मिझराब्ल’ची तिकिटं निघाली. तिसऱ्या दिवशी, दुपारचा प्रयोग, ड्रेस सर्कल, दुसरी रांग. दुसरं नाटक तिथे गेल्यावर बघू म्हणालेत. गेल्या रविवारी जावई गावी गेला होता, येताना वडिलांच्या कपाटातून ‘दुःखी’ घेऊन आला. पाठीला खळ लावून चिकटवलेला कागद आहे, पहिली दोन पानं सुटली आहेत. भाचीने ती कधी वाचली नव्हती. आता रोज रात्री जेवणं झाली की तो तिला वाचून दाखवतो.